शेख महंमदांचा आतला संग्राम

श्रीगोंदा तालुक्याची ओळख परक्या माणसाला करून द्यायची वेळ आली, की आम्ही मंडळी ऊस सांगतो, साखर कारखाने सांगतो, लिंबे सांगतो आणि काष्टीचा शनिवारचा जनावरांचा बाजार सांगतो. शेख महंमदांचे नाव त्या यादीत बरेच खाली येते, तेही कुणी आठवण करून दिली तर. खरे पाहता शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे यांनी ज्यांना गुरुस्थानी मानले, ज्यांना लोकांनी कबिराचा अवतार म्हटले आणि ज्यांनी पाऊणेचारशे वर्षांपूर्वी मराठीत दोन हजारांहून अधिक ओव्यांचा ग्रंथ लिहिला, तो पुरुष काष्टीहून सायकल मारीत जाता येईल इतक्या अंतरावर चिरनिद्रा घेत आहे. श्रीगोंद्यातल्या त्या स्थानाला कुणी समाधी म्हणतो, कुणी दर्गा म्हणतो. नावाचा हा घोळ आजचा नाही, आणि शेख महंमदांना तो समजला असता असे मला वाटते. आयुष्यभर ते याच घोळाशी झगडले.

मी त्यांच्याकडे वळलो तो भक्तीपोटी नव्हे. 'कल्पना' या शब्दाचा पाठलाग करताना वळलो. आपल्या संतवाङ्मयात हा शब्द फार वाईट अर्थाने येतो. कवीला कल्पना हवी, गोष्ट सांगणाऱ्याला हवी, लहान मुलाला तर हवीच हवी. पण अध्यात्माच्या वाटेवर पाऊल टाकले की हीच कल्पना शत्रू ठरते. मनाचे खेळ, भ्रम, मायेचे जाळे, सारे तिच्याच नावावर जमा. मग विटेवरचा विठ्ठल डोळे मिटून पाहणारा वारकरी काय करीत असतो? ती कल्पनाच नव्हे काय? या प्रश्नाचे मला पटलेले उत्तर शेख महंमदांच्या चरित्रात सापडले. गंमत अशी, की त्या उत्तराला दुजोरा मिळाला तो दूरच्या युक्रेनमधल्या एका यहुदी धर्मगुरूकडून. तिकडे नंतर वळू.

शेख महंमदांचे घराणे मूळचे मराठवाड्याचे, बीडकडचे. आष्टीजवळचे वाहिरे हे गाव त्यांच्या नावाशी जोडले जाते. वडील राजे महंमद, आई फुलाई. फुलाई हे नाव मला फार बोलके वाटते. दख्खनच्या खेड्यात त्या काळी हिंदूंची आणि मुसलमानांची अंगणे किती जवळ होती, हे त्या एका नावात दिसते.

त्यांचे गुरू चांद बोधले. देवगिरीच्या म्हणजे दौलताबादच्या परिसरात वावरलेले हे सत्पुरुष. सुफींच्या कादरी परंपरेशी त्यांचे नाते सांगतात. याच चांद बोधल्यांचे दुसरे शिष्य म्हणून एक परंपरा जनार्दनस्वामींचे नाव घेते, आणि जनार्दनस्वामी म्हणजे संत एकनाथांचे गुरू. ही जोडणी सगळ्यांनाच मान्य आहे असे नाही. कै. रा. चिं. ढेरे यांनी मुसलमान मराठी संतकवींवर जे काम केले, त्यामुळे निदान हा विषय कुजबुजीतून उजेडात आला. जनार्दनस्वामींना दर्शन देणारा दत्त मलंगाच्या, फकिराच्या वेषात येतो, ही कथा तर आपल्या घराघरांत माहीत आहे. एकनाथांना तो प्रथम ओळखू येत नाही. डोळ्यांसमोर असतो फकीर आणि मनात असते त्रिमूर्तीचे चित्र. मनातले चित्र आड आले म्हणून समोरचा देव दिसला नाही, एवढाच त्या कथेचा गाभा. कल्पना कुठे अडते आणि कुठे उघडते, याचा तो पहिला धडा. आणि तो याच गुरुघराण्याच्या अंगणात गिरवला गेला.

शेख महंमदांच्या तरुणपणाची एक कथा सांगितली जाते. घरी मुलाण्याचे काम. एकदा बकरे कापायची वेळ आली. सुरी हातात घेतली आणि त्यांच्या मनात आले, की या जिवाला काय होत असेल ते आधी आपण पाहावे. त्यांनी सुरी आपल्याच बोटावर चालवली. जी कळ आली तिने पुढचे आयुष्य बदलून गेले. ते काम त्यांनी सोडले ते कायमचे.

इतिहासाच्या कसोटीवर ही कथा उतरवता येणार नाही. पण ज्या लोकांनी ती तीनशे वर्षे जपली त्यांना काय सांगायचे होते, हे आमच्याकडच्या माणसाला चटकन कळते. काष्टीच्या बाजारात एका शेळीपुढे चार गिऱ्हाइके उभी राहतात. एक तिच्या कासेकडे पाहतो, त्याला दूध दिसते. दुसरा पाठीवरून हात फिरवतो, त्याला वजन दिसते. तिसऱ्याला दोन वर्षांनी होणारी करडे दिसतात. चौथा व्यापारी, त्याला पुढच्या बाजारातला भाव दिसतो. चौघेही जे समोर नाही ते पाहत असतात. कल्पनाशक्ती कवींपुरती असते असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा जनावरांच्या बाजारात यावे. मात्र या चौघांपैकी कुणालाही शेळीला काय वाटते ते दिसत नाही, आणि ते दिसले तर बाजार चालायचा नाही. शेख महंमदांच्या कथेतली सुरी बोटावर चालते ती नेमकी इथे. कल्पनेचा हव्यास सुटतो आणि तीच कल्पना दुसऱ्याच्या दुःखापर्यंत जाऊन पोहोचते. शक्ती एकच, दिशा वेगळी.

मालोजीराजांचा आणि त्यांचा संबंध कसा आला याविषयी बखरी आणि परंपरा वेगवेगळे तपशील देतात. श्रीगोंद्याचे तेव्हाचे नाव चांभारगोंदे. वेरूळच्या भोसल्यांना सापडलेले धन याच गावच्या पुंडे नावाच्या सावकाराकडे ठेवले गेले, अशी बखरींतली हकीकत आहे. तेव्हा भोसल्यांचा राबता या गावी होता, हे उघड आहे. मालोजीराजांनी शेख महंमदांना येथे आणले, मठ बांधून दिला, जमीन दिली असे सांगतात. याच मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ यांच्या कृपेने झालेल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही गोष्ट तर सर्वश्रुत आहे. निजामशाहीतल्या एका मराठा सरदाराला मुसलमान गुरू करताना काही विशेष करीत आहोत असे वाटले नसावे. विशेष आपल्याला वाटते, आज.

काळ मात्र मोठा वाईट होता. १६०० साली अहमदनगरचा किल्ला मुघलांच्या हाती पडला. मलिक अंबरने निजामशाहीचा गाडा ओढत ठेवला, पण १६२६ मध्ये तो गेला आणि १६३६ मध्ये निजामशाहीच संपली. मधल्या १६३० ते १६३२ या वर्षांत दख्खनवर असा दुष्काळ कोसळला, की त्यात तुकाराम महाराजांची पहिली पत्नी आणि मुलगा अन्नावाचून गेले. फौजा येत होत्या, जात होत्या, पिके तुडवीत होत्या. भीमेच्या या काठी राहणाऱ्या माणसाने लढाई पाहिली नाही असे होणेच शक्य नव्हते. तेव्हा शके १५६७ मध्ये म्हणजे १६४५ साली शेख महंमदांनी आपला मोठा ग्रंथ पुरा केला, आणि त्याचे नाव ठेवले 'योगसंग्राम', यात नवल ते काय?

पण हा संग्राम बाहेरचा नाही. जीव हा लढवय्या, आणि काम, क्रोध, मत्सर, अहंकार हे त्याच्यावर चालून आलेले सैन्य. अठरा प्रसंगांचा हा ग्रंथ म्हणजे एका दीर्घ मोहिमेचे वर्णनच. गीतेचे अठरा अध्याय आठवावेत, भारतीय युद्धाचे अठरा दिवस आठवावेत. आणि सुफींच्या भाषेतला मोठा जिहादही आठवावा, जो दुसऱ्या कुणाशी नसतो, आपल्याच 'नफ्स'शी म्हणजे वासनामय मनाशी असतो. शेख महंमदांच्या घरी या दोन्ही नद्या आलेल्या होत्या. त्यांनी संगमाचा गाजावाजा केला नाही. त्यांनी फक्त पाणी भरले.

मला या ग्रंथात सर्वांत मोलाची वाटते ती ही युक्ती. मनातली चित्रे मारायला निघालेला माणूस चित्रांचीच फौज उभी करतो. घोडे, शस्त्रे, किल्ले, रणवाद्ये. राऊत आणि पाईक पाहत वाढलेल्या श्रोत्याच्या डोळ्यांसमोर जे सहज उभे राहील ते. निराकाराचा उपासक रूपकाशिवाय एक पाऊल चालत नाही! वरवर पाहता ही विसंगती आहे. परंतु शेतकऱ्याच्या घरी काट्याने काटा काढायची रीत आहे, आणि पायातला काटा काढून झाल्यावर दुसराही काटा फेकून देतात. शेख महंमदांची कल्पना हा तो दुसरा काटा होता. श्रोता लढाईच्या वर्णनात रंगतो आणि रंगता रंगता त्याच्या ध्यानात येते, की शत्रूचा तळ आपल्याच छातीत पडला आहे.

त्यांचे 'पवनविजय' आणि 'निष्कलंकप्रबोध' हे ग्रंथ वाचायला अवघड आहेत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पहिल्यात श्वासाचा, स्वरांचा, योगमार्गाचा विचार. दुसऱ्यात ढोंगावर ओढलेले कोरडे. नवससायास, देवापुढचे पशुबळी, अंगात येणे, पोट भरण्यासाठी घेतलेली भगवी किंवा हिरवी वस्त्रे, कुणालाही त्यांनी सोडले नाही. मुल्लांना जे सुनावले तेच बडव्यांना. ही टीका ऐकून ते मूर्तिभंजक होते असे कुणी म्हणेल तर ते अर्धेच खरे. त्यांचा राग माणूस आपल्या भीतीला आणि हावेला देवाचा मुखवटा चढवतो, त्यावर होता. भीतीने घडवलेली कल्पना आणि प्रेमाने घडवलेली कल्पना यांत ते भेद करीत होते. विठ्ठलाच्या नामात न्हालेले अभंग त्यांनीच लिहिले, दख्खनी हिंदीतली पदेही त्यांनीच लिहिली.

आता ते युक्रेनचे.

यहुदी धर्मात देवाची मूर्ती करणे हे दहा आज्ञांपैकी एका आज्ञेने वर्ज्य. त्यामुळे मनातल्या मूर्तीचे काय करायचे, हा पेच त्यांच्या साधकांना आपल्यापेक्षाही अधिक छळत आला. बाराव्या शतकातला थोर यहुदी तत्त्वज्ञ मायमोनिडीझ याने असे मांडले, की प्रेषिताला नुसती शुद्ध बुद्धी पुरत नाही, परिपूर्ण कल्पनाशक्तीही लागते. अपवाद एकट्या मोशेचा. पुढे १७७२ मध्ये युक्रेनमधल्या मेझीबूझ गावी नाखमान नावाचा एक मुलगा जन्मला. हसिदी भक्तिपंथाचे संस्थापक बाल शेम तोव यांचा हा पणतू. ब्रेस्लोवचे रब्बी नाखमान म्हणून तो पुढे ओळखला गेला. क्षयाने उमान गावी १८१० मध्ये वारला तेव्हा वय अवघे अडतीस. आपल्या ज्ञानेश्वरांप्रमाणे थोड्या वर्षांत फार मोठे काम करून गेलेला हा माणूस.

नाखमानची शिकवण अशी, की जिथवर बुद्धी पोहोचते तिथे श्रद्धेची गरजच नसते. बुद्धी जिथे थांबते तिथून श्रद्धा सुरू होते, आणि तिथे माणसाच्या हाती उरते ती फक्त कल्पना. म्हणून कल्पना मारायची नाही, निवडायची. हिब्रू भाषेत त्यासाठी 'बिरूर' असा शब्द आहे. आपल्याकडे बायका सूप घेऊन बसतात, खडे वेचतात, फोलपट पाखडतात आणि चांगला दाणा ठेवतात, त्याला आपण धान्य निवडणे म्हणतो. बिरूर म्हणजे तेच. निवडायची वस्तू तेवढी वेगळी. नाखमान याच्याही पुढे गेला. १८०६ सालापासून तो शिष्यांना परीकथा सांगू लागला. हरवलेली राजकन्या, भिकारी, राजे, जंगले. धर्मगुरूने गोष्टी सांगाव्यात, याने भले भले चकित झाले. पण श्रोत्याच्या मनातला खडा नुसत्या उपदेशाने निघत नाही, तो गोष्टीनेच निघतो, हे त्याने ओळखले होते.

शेख महंमद त्याच्या दीडशे वर्षे आधीचे. एकाला दुसऱ्याची वार्ता असण्याचे कारणच नाही. मुसलमानी जगातही या विचाराला मोठी परंपरा होती. स्पेनमध्ये ११६५ साली जन्मलेले इब्न अरबी यांनी 'खयाल' म्हणजे कल्पना ही शरीर आणि आत्मा यांच्यामधली सीमारेषा मानली. तिथे निराकाराला आकार मिळतो आणि जडाला सूक्ष्मता. श्रीगोंद्याच्या मठात ते ग्रंथ होते असा दावा मी करणार नाही. तशी गरजही वाटत नाही. विहीर कुठेही खणली तरी पाणी जमिनीतच असते.

आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलींची आठवण इथे येणे अपरिहार्य आहे. तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. एलियाहू प्रेषिताचा रथ अलिबागेजवळच्या खंडाळ्याहून स्वर्गी गेला, असे ते श्रद्धेने सांगतात आणि मलिद्याचे ताट मांडून त्याचे स्मरण करतात. जॉर्डनच्या काठची गोष्ट त्यांनी आपल्या समुद्राकाठी आणली. याला कुणी भाबडेपणा म्हणेल. मी तरी याला निवडलेली कल्पना म्हणेन, कारण तिने परक्या भूमीला घर केले. (जाता जाता, यहुद्यांच्या शब्बाथला जी कामे वर्ज्य आहेत त्यांत धान्य निवडणेही आहे. आणि आमच्या काष्टीचा बाजार नेमका शनिवारचा!)

शेख महंमदांची सर्वांत प्रसिद्ध कथा मी मुद्दाम मागे ठेवली होती. श्रीगोंद्यात त्यांचे कीर्तन चालले आहे, आणि बोलता बोलता ते थांबतात, हात वर करून काहीतरी चोळल्यासारखे, विझवल्यासारखे करतात. श्रोते बुचकळ्यात पडतात. विचारल्यावर सांगतात, की देहूला तुकोबांचे कीर्तन चालू आहे, तिथल्या मंडपाने पेट घेतला, तो विझवला. ही कथा मला चमत्कार म्हणून भावत नाही. तुकोबा वाण्याचे पोर, शेख महंमद मुलाण्याचे. एक देहूला, दुसरा श्रीगोंद्याला, मध्ये दोन-तीन दिवसांची पायवाट. त्यांची प्रत्यक्ष भेट झाली असो वा नसो, लोकांच्या मनाने ही भेट अशी घडवली, की एकाच्या मंडपाची आग दुसऱ्याच्या तळहाताला लागली. बोटावर चाललेली सुरी आणि तळहाताला लागलेली आग, दोन्ही कथा एकाच माणसाच्या आहेत हे सहज ध्यानात येते. समर्थ रामदासांनी त्यांचा गौरव केल्याचे परंपरा सांगते, आणि आपल्याच जिल्ह्यातल्या ताहाराबादच्या महिपतीबुवांनी अठराव्या शतकात त्यांना संतांच्या मालिकेत आदराने बसवले.

पुढे दीर्घकाळ ग्रंथ पोथ्यांतच राहिले. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९५९ मध्ये 'योगसंग्राम' संपादून छापला, आणि त्यानंतर कवितासंग्रहही. संभाजीमहाराजांच्या चरित्रासाठी आयुष्य वेचणाऱ्या बेंद्र्यांनी या फकिरासाठीही तितकीच मेहनत घेतली, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या किती शाळा-कॉलेजांच्या ग्रंथालयांत ही पुस्तके आहेत, याची चौकशी वाचकांनीच करून पाहावी. मी ज्या एका ग्रंथालयात गेलो तिथे प्रत होती, पण तिची पाने एकमेकांना चिकटलेलीच होती. कुणी ती फोडली नव्हती.

अलीकडच्या वर्षांत श्रीगोंद्याच्या स्थानावरून, तिथल्या व्यवस्थापनावरून वाद झाले. मोर्चे, निवेदने, गाव बंद. बाबा कुणाचे, हा प्रश्न दोन्हीकडून विचारला गेला. वाद मिटवणारी मंडळी दोन्हीकडे आहेत आणि त्यांना यश यावे. मला फक्त त्या मोर्चाच्या दिवशी बाजारपेठेत भेटलेले एक म्हातारे गृहस्थ आठवतात. डोक्याला मुंडासे, कपाळी बुक्का. बाबा हिंदू की मुसलमान असे त्यांना कुणी तरुणाने विचारले. त्यांनी थोडा विचार केला आणि त्याला उलट विचारले, तू 'योगसंग्राम' वाचलास का? पोरगा नाही म्हणाला. म्हाताऱ्याने मग पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक जुनी पोथी काढली, दुकानाच्या फळीवर ठेवली आणि चष्मा पुसायला घेतला.